पेशवे दरबाराचे एक इंग्रजी चित्र

टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज आणि मराठे यांच्यात १ जून १७९० रोजी पुण्यात तह झाला. महिन्याभराने निजामही त्यात आला. या तहाच्या दरबाराचे भव्य तैलचित्र टॉमस डॅनियल याने इंग्लंडमध्ये पूर्ण केले ते मात्र १८०५ साली. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सोळा वर्षांचे सवाई माधवराव, नाना फडणवीस, कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट आणि दरबारी रिवाजाप्रमाणे खाली बैठकीवर बसलेली इंग्रज मंडळी, असा हा देखावा.

डॅनियलने हा प्रसंग पाहिलेला नव्हता. त्या वेळी तो उत्तर हिंदुस्थानात होता. ज्याच्या रेखाटनांवर तो विसंबला तो जेम्स वेल्सही मुंबईत उतरला १७९१ मध्ये. वेल्सने पुण्यात पेशव्यांची व नानांची चित्रे प्रत्यक्ष बसवून काढली, पण १७९५ मध्ये तो वारला. पुढे मॅलेट त्याचा जावई झाला आणि सासऱ्याच्या कागदांवरून हे चित्र त्यानेच करवून घेतले. चित्राचा नायक आणि चित्राचा आश्रयदाता एकच, ही गोष्ट पाहणाऱ्याने विसरू नये.

याच युद्धाची दुसरी चित्रे वेगळे बोलतात. १७९२ च्या तहानंतर टिपूचे दोन कोवळे मुलगे ओलीस म्हणून मद्रासला नेण्यात आले. त्यांना स्वीकारणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस रॉबर्ट होमने रंगवला. तेथे इंग्रज दयाळू विजेता आहे; पुण्याच्या दरबारात तो केवळ सन्मान्य पाहुणा आहे.

हा फरक १८०५ मध्ये फारच बोलका ठरतो. तोवर सवाई माधवराव व नाना दोघेही हयात नव्हते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसरा बाजीराव कंपनीच्या तैनाती फौजेचा आश्रित झाला होता, आणि असई-लासवारीच्या रणांत शिंद्यांचे बळ खचले होते. अशा वेळी बरोबरीच्या मैत्रीचा हा देखावा लंडनकरांपुढे आला. मराठ्यांशी झालेल्या व्यवहाराचा आरंभ तलवारीने नव्हे, संमतीने झाला, असे त्यातून सुचत होते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची, वडगावच्या नामुष्कीची आठवण तेथे कोणाला हवी होती?

पुण्याच्या अभ्यासकाला या चित्राचे मोल निराळ्याच कारणाने वाटते. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातील इमारती भस्मसात झाल्या. दरबाराचे खांब, कमानी आणि बैठक यांची कल्पना करताना आजही याच चित्राकडे वळावे लागते. चेहऱ्यांसाठी वेल्सवर विश्वास ठेवता येतो. कोण कोणाजवळ बसले आहे, हे मात्र मॅलेटच्या सोयीचा विचार करूनच वाचावे लागते.