सुरखी, राख आणि अंबडची एक भिंत

अंबडच्या आमच्या घराची मागची भिंत २००४ साली बांधली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या गिलाव्याला पोपडे धरले. आतल्या विटा राखेच्या होत्या. कोपऱ्यावर नख घासले की भुगा पडे. वडील एवढेच म्हणाले, "राखेचं घर कुणी बांधतं का?" त्यांची हयात गवंडीकामात गेलेली. मी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात माल तपासणारा कामगार, कॉलेजची पायरी न चढलेला. विटा स्वस्त म्हणून मीच आणल्या होत्या. बांधकामाच्या इतिहासाचा नाद मला लागला तो या फजितीमुळे.

राखेला आमच्याकडे तोटा नव्हता. एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र १९७० पासून दगडी कोळसा जाळत आले आहे. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या परिसरातील वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. शेतातली वरची सुपीक माती वाचावी, हा त्यामागचा एक हेतू. भट्टीत न भाजता राख, चुना, जिप्सम किंवा सिमेंट यांपासून साच्यात दाबून केलेल्या विटाही बाजारात आल्या. आमच्या विटा त्याच जातीच्या.

भिंत फोडताना वडिलांनी एक तुकडा मोडून पाहिला. "ही कच्ची आहे. हिला पाणी पाजलंच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी चुन्याच्या घाणीची गोष्ट सांगितली. गोल चरात विझवलेला चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, टाकायची. बैल दगडी चाक फिरवायचा. तो माल भिंतीत गेल्यावर कित्येक दिवस ओला ठेवावा लागे. त्यांचे शब्द होते, "चुन्याला घाई चालत नाही."

पुढे वाचनातून कळले की राख आणि सुरखी ही रसायनाच्या दृष्टीने भावंडेच. दोन्हींतली सिलिका पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि त्यातून दगडासारखा बंध तयार होतो. पाणी लवकर तुटले तर ही क्रिया अर्धवट राहते. आमच्या वीटवाल्याने विटा पुरत्या पिकू न देता विकल्या होत्या. दोष राखेचा नव्हता, उतावळेपणाचा होता. त्यात स्वस्ताईला भुललेला मीही आलो.

या विद्येचा शिक्षणाशी संबंध जुना आहे. पुण्यात १८५४ साली सरकारी बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि २०२२ मध्ये विद्यापीठ झाले. पुण्यातच शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या नोकरीत लागले, तेव्हा त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली. पुढे म्हैसूर संस्थानात त्यांच्या पुढाकाराने १९११ साली कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. ते धरण उभे राहिले चुना-सुरखीच्या मालात. त्या काळी अभियंत्याची पदवी आणि गवंड्याची घाणी एकाच कामावर भेटत.

सिमेंट मुबलक झाले तशी ही भेट तुटली. सिमेंट लवकर धरते, ठेकेदाराचे दिवस वाचतात. घाण्या बंद पडल्या. भारतीय मानकांत मात्र नाते टिकून राहिले. पोझोलाना सिमेंटच्या आयएस १४८९ या मानकाचा पहिला भाग राखेसाठी आहे आणि दुसरा भाजलेल्या चिकणमातीसाठी, म्हणजे सुरखीच्याच कुळासाठी. नाशिकला १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली 'मेरी', आहे. बांधकामाचे साहित्य पारखणारी प्रयोगशाळा शहरातच असताना मी वीट नुसती किमतीवर पारखली.

आता विद्यापीठांत 'शाश्वत बांधकाम' हा स्वतंत्र विषय झाला आहे. दिल्ली व मद्रासच्या आयआयटी आणि स्वित्झर्लंडमधील लोझानची संस्था यांनी मिळून 'एलसी-३' सिमेंटवर संशोधन केले. त्यात क्लिंकर सुमारे निम्मे, बाकी मुख्यतः भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड. क्लिंकरसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते आणि तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. चिकणमातीला सुमारे ८०० अंश पुरतात आणि तिच्यातून तो वायू सुटत नाही. २०२३ मध्ये या सिमेंटचे भारतीय मानकही आले. सुरखी नव्या नावाने परत आली, असे मी म्हणतो.

पण एक गोष्ट परत येणार नाही. कोणत्या चुन्याला किती सुरखी, माल किती फेरे मळायचा, पावसाळ्यात काय बदलायचे, हे वडिलांच्या हाताला ठाऊक होते. ते मी कधी उतरवून घेतले नाही. २०११ साली ते गेले. ज्यांनी घाणी चालवली असे गवंडी आता मोजकेच उरले असतील. शाश्वत बांधकाम शिकणाऱ्या मुलांनी एखादे सत्र त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे, असे मला मनापासून वाटते.

मागची भिंत आम्ही पुन्हा बांधली, तीही राखेच्याच विटांची. या वेळी विटा वडिलांनी निवडल्या. एकीवर दुसरी आपटून आवाज ऐकत त्यांनी निम्म्याहून अधिक परत पाठवल्या. ती भिंत अजून कोरडी आहे.