बुद्धिबळातील अंतपर्व

बुद्धिबळातील अंतपर्व : बुद्धिबळाच्या डावात बहुतेक मोहरी मारली जाऊन पटावर दोन राजे, काही प्यादी व एखाददुसरे मोहरे एवढेच बळ उरते, तेव्हापासून निकालापर्यंतच्या भागास अंतपर्व म्हणतात. डावाच्या प्रारंभी व मध्यात राजाला आडोशाला ठेवावे लागते. अंतपर्वात तोच पुढे सरसावून लढतो. एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या प्याद्यालाही, ते शेवटच्या रांगेत पोहोचून वजीर होण्याची शक्यता असल्याने, मोहऱ्याइतके महत्त्व येते. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या खेळाचे शिक्षण पुष्कळदा या भागापासूनच सुरू केले जाते. क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण साध्या मातांनीच उघडते. महाराष्ट्रात बुद्धिबळ शतकानुशतके खेळले जात असूनही अंतपर्वाचा शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र विसाव्या शतकात, तोही उत्तरार्धात, रुजला. याचे कारण खेळाडूंच्या बुद्धीत नसून देशी खेळाच्या नियमांत शोधावे लागते.

देशी पद्धतीचे नियम प्रांतपरत्वे थोडेफार बदलत असले, तरी त्यांतील काही गोष्टी सर्वसाधारण होत्या. प्यादे पहिल्या चालीत बहुधा एकच घर सरकत असे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसलेला नसल्यास राजाला डावात एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. अंतपर्वाच्या दृष्टीने निर्णायक ठरणारे नियम दोन होते : पहिला एकाकी राजासंबंधीचा व दुसरा प्याद्याच्या बढतीसंबंधीचा.

एका पक्षाची सर्व मोहरी व प्यादी मारली जाऊन केवळ राजा उरला, म्हणजे डाव ‘बुर्जी’ झाला असे म्हणत आणि तो बरोबरीत सुटला असे धरीत. काही ठिकाणी त्यास अर्धा विजय मानीत. प्रतिपक्षाचा राजा एकटा पडला या एकाच स्थितीला तीन परंपरांनी तीन निकाल दिले आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. नवव्या-दहाव्या शतकांतील अरबी शत्रंजमध्ये प्रतिस्पर्ध्याची सर्व मोहरी मारणे हा सर्वसाधारणपणे विजयच समजला जाई. देशी खेळात तेथे विजय हातचा निसटे. आंतरराष्ट्रीय खेळात त्या स्थितीने काहीच ठरत नाही; पुरेसे बळ असल्यास मात करून दाखवावी लागते. त्यामुळे वजीर व राजा, हत्ती व राजा किंवा दोन उंट व राजा यांनी एकाकी राजावर मात कशी करावी, हे जे आजच्या विद्यार्थ्याचे पहिले धडे, त्यांना देशी खेळात स्थानच नव्हते. राजा व प्यादे विरुद्ध राजा या स्थितीचेही तसेच. दोन राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे असता ज्याच्यावर चाल करण्याची पाळी येते, त्याला वाट सोडावी लागते, या तत्त्वावर आधुनिक प्याद्यांच्या अंतपर्वाची सर्व इमारत उभी आहे. देशी पटावर त्यातील पुष्कळसा भाग अस्तित्वात येण्यापूर्वीच डाव संपलेला असे.

यावरून देशी खेळात शेवटाचे कौशल्य नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ते कौशल्य वेगळ्या जातीचे होते. वरचढ पक्षाला प्रतिस्पर्ध्याचे निदान एक मोहरे किंवा प्यादे जिवंत राखून मात करावी लागे, आणि दुबळा पक्ष आपले शेवटचे मोहरे शत्रूच्या तोंडी देऊन बुर्जी साधू पाही. शिवाय मातेतही प्रतवारी होती. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची. त्यामुळे निष्णात खेळाडू साधी मात दिसत असतानाही ती टाळून अमुक प्याद्यानेच मात करण्याचा घाट घालीत. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृत विलासमणिमंजरी हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात मुख्यत्वे अशाच बिकट स्थिती व त्यांची उत्तरे दिली असून प्याद्याने मात करण्याची अट घातलेली कूटे आढळतात. त्या पुस्तकाच्या इंग्रजी नावातच हे लेखन यूरोपीय पद्धतीच्या खेळास जुळवून घेतल्याचे नमूद आहे. म्हणजे देशी शेवट जसेच्या तसे परक्या वाचकापुढे ठेवता येणार नाहीत, याची जाणीव तेव्हाच झाली होती. विनायक राजाराम टोपे यांचे बुद्धिबळावरील मराठी पुस्तक १८९३ मध्ये पुण्यात निघाले. मरी या इंग्रज संशोधकाने आपल्या १९१३ सालच्या बुद्धिबळाच्या इतिहासात देशी नियमांसाठी त्याचा आधार घेतला आहे.

दुसरा नियम बढतीचा. देशी पद्धतीत शेवटच्या रांगेत पोहोचलेले प्यादे ज्या पट्टीत असेल त्या पट्टीचे मोहरे होई : कडेच्या पट्टीत हत्ती, त्यालगतच्या पट्टीत घोडा, तिसरीत उंट, आणि मधल्या दोन पट्ट्यांत वजीर. साहजिकच सर्व प्याद्यांचे मोल सारखे नव्हते. वजिराच्या पट्टीतील प्यादे जपण्यासाठी एखादे मोहरे गमावणेही परवडे. आंतरराष्ट्रीय नियमाने कोणत्याही पट्टीतील प्याद्याला हवे ते मोहरे होता येते. या एका फरकाने शेवट किती पालटतो, हे १८९५ साली ग्लासगो येथे गाजलेल्या एका स्थितीवरून कळते. तीत पांढऱ्याजवळ राजा व उंटाच्या पट्टीतील एक प्यादे, तर काळ्याजवळ राजा व हत्ती एवढेच असते. काळा हत्ती शहांमागून शह देतो, तरीही प्यादे शेवटास पोहोचते. परंतु त्याचा वजीर केल्यास काळा आपला हत्ती बळी देतो. तो मारताच काळ्या राजाला शह नसताना एकही चाल उरत नाही व डाव बरोबरीत सुटतो. साव्हेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूने वजिराऐवजी हत्ती घेण्याची चाल सुचवली आणि बरोबरीची मानलेली स्थिती विजयाची ठरवली. देशी पटावर त्या प्याद्याचा उंटच झाला असता; हत्तीसमोर एकट्या उंटाकडून विजयाची अपेक्षा नाही.

देशी परंपरेत वाढलेल्या खेळाडूला नव्या पद्धतीचे अंतपर्व अवघडच जाई, असेही सरसकट म्हणता येत नाही. पंजाबातील मीर सुलतान खान याने देशी खेळात नाव मिळवल्यावर आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. हेस्टिंग्ज येथे १९३०–३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला ६५ चालींच्या प्रदीर्घ डावात हरवले. प्रारंभांचे ज्ञान तोकडे असलेल्या या खेळाडूचे बळ डावाच्या उत्तरार्धात दिसे. पुस्तकी अभ्यासावाचून हे साधणे अपवादात्मकच मानावे लागते.

महाराष्ट्रात संक्रमण सावकाश झाले. सांगलीत १९४१ साली स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या परिश्रमाने स्पर्धांची सलग परंपरा निर्माण केली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. राष्ट्रीय सामने आंतरराष्ट्रीय नियमांनी होऊ लागल्यावर बुर्जी व प्यादेमात ओसरीवरच्या खेळापुरती उरली. रोहिणी खाडिलकर यांनी १९८१ साली आशियाई महिला अजिंक्यपद जिंकले, प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक मिळवला. ही पिढ्यांची वाटचाल नव्या नियमांच्या अभ्यासावरच उभी आहे. बदलात लाभ झाला हे निर्विवाद. मात्र प्रतिस्पर्ध्याचे बळ राखून ठरावीक प्याद्याने मात करण्याची नजाकत मागे पडली व तिची पुरेशी नोंदही झाली नाही, ही हानीच होय.

स्पर्धेची ईर्षा नसलेल्या वाचकालाही अंतपर्वाची गोडी लागते ती रचलेल्या स्थितींमुळे. रेटी याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या स्थितीत पटावर अवघे चार मोहरे आहेत : दोन राजे व दोन प्यादी. काळे प्यादे हत्तीच्या पट्टीतून निसटले असून पांढरा राजा त्याच्यामागे दोन चालींनी पिछाडलेला आहे. त्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या आटोक्यात आहे. डाव हरल्यासारखा दिसतो. पण राजा सरळ न धावता तिरपा उतरतो. पटावर तिरप्या वाटेला सरळ वाटेपेक्षा अधिक चाली लागत नाहीत, म्हणून प्रत्येक चालीगणिक तो शत्रूच्या प्याद्याच्याही जवळ येतो व स्वतःच्या प्याद्याच्याही. काळ्याने एकाचा बंदोबस्त केला, तर दुसरे काम साधते, आणि डाव बरोबरीत सुटतो. भूमितीत असत्य असलेली गोष्ट पटावर सत्य ठरते, ही मौज समजण्यास मोठ्या तयारीची गरज नाही.

संगणकाने या क्षेत्रात जुन्या समजुती पुष्कळ बदलल्या. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा शेवट क्लिंग व हॉरविट्स यांच्या १८५१ च्या पुस्तकापासून बरोबरीचा मानला जाई. १९८० नंतरच्या दशकात केन टॉम्प्सन याच्या गणनेने तो बहुतांशी विजयाचा असल्याचे दाखवले. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचे निकाल २०१२ पर्यंत काढून झाले. पूर्वी लांबलेला डाव रात्रीपुरता तहकूब होई व खेळाडू आपल्या सहकाऱ्यांसह पहाटेपर्यंत शेवटाचा कीस काढीत. ती प्रथा १९९० नंतर मोडली. आता अंतपर्व एकाच बैठकीत, बहुधा प्रत्येक चालीला मिळणाऱ्या थोड्या सेकंदांत, खेळावे लागते; तेथे रात्रीचा अभ्यास कामी येत नाही, आधी केलेलाच यावा लागतो.

याचा परिणाम लहान वयाच्या स्पर्धांत ठळक दिसतो. खानदेशात जळगाव येथे ऑगस्ट २०२५ मध्ये अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरली. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव हे गिरणेच्या खोऱ्यातील तालुके याच जिल्ह्यात मोडतात. या वयाची मुले प्रारंभाच्या दहा-पंधरा चाली पाठ करून येतात. परंतु एका प्याद्याने वरचढ असलेला डाव राजा चुकीच्या घरात नेल्याने हातचा जाणे, ही या गटातील नेहमीची गोष्ट आहे. हत्तीच्या पट्टीतील एकटे प्यादे, प्रतिपक्षाचा राजा कोपरा गाठू शकल्यास, सोबतीला राजा असूनही वजीर होऊ शकत नाही, एवढे एक जाणणारा मुलगा नेमक्या वेळी मोहऱ्यांची अदलाबदल टाळतो.