पात्यावरचा परका शिक्का

लोणार तालुक्यातल्या बीबीपासून साखरखेर्डा फार लांब नाही. 1724 साली तिथे निजामाने मुबारिझ खानाला हरवलं. पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले अशी दुअमली चालली. या धामधुमीत जी शस्त्रं फिरली, त्यांत एक नाव सतत भेटतं : फिरंग.

फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं सरळ पातं आणि त्यावर इथल्या कारागिराने चढवलेली मूठ. ती पाती घडवणारे हात केव्हाच गेले. त्यांची ओळख आता मुख्यतः शिक्क्यांवरून पटते. पण शिक्का फसवतो! जिनोव्हाच्या दातेरी चंद्रकोरी इथल्या लोहारांनीही बिनदिक्कत ठोकल्या. जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर तरी कुठे सोवळे होते? पासाऊचा धावत्या लांडग्याचा शिक्का आणि इटलीच्या आंद्रेया फेरारा या कारागिराचं नाव त्यांनी खुशाल उचललं. म्हणून जाणकार शिक्क्यावर थांबत नाही. पात्यातले खोल पन्हळ, अक्षरांची वळणं, मुठीजवळ पात्याला दिलेली आधारपट्टी, सगळं ताडून बघतो.

एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने सुमारे 47 लाख रुपयांना घेतलेली तलवार याच जातीची. सरळ, एकधारी युरोपीय पातं, मुल्हेरी घाटाची मूठ. पात्याच्या पाठीवर देवनागरीत नागपूरकर रघुजी भोसल्यांचं नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि शेवटी शस्त्राची जातही कोरलेली : फिरंग. संग्राहकाला इतकी आयती ओळख क्वचितच मिळते. ऑगस्टमध्ये ही तलवार मुंबईत पोहोचली.