दोन एक्के टाकून देण्याचे गणित

पोकरमध्ये सुरुवातीला हाती येणाऱ्या दोन पत्त्यांत एक्क्यांच्या जोडीहून वरचढ काही नाही. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याचे पत्ते कोणतेही असतील, तर ही जोडी शंभरपैकी सुमारे ८५ वेळा जिंकते. तरीही स्पर्धेत असा क्षण येऊ शकतो की ही जोडी न खेळता टाकून देणेच योग्य ठरते. या निष्कर्षामागे जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात १७३८ साली झाली. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केलेल्या निबंधात डॅनिएल बर्नुली याने असे मांडले की, रकमेचे मोल तिच्या आकड्यावर नव्हे, तर ती मिळवणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असते. म्हणूनच शंभर नाणी गमावण्याचे दुःख शंभर नाणी मिळवण्याच्या सुखाहून मोठे असते. पुढे जॉन फॉन नॉयमन याने १९२८ मध्ये खेळांचा गणिती सिद्धांत उभा केला. ऑस्कर मॉर्गनस्टर्न याच्यासह १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरचे सविस्तर विश्लेषण केले. मात्र त्यात प्रत्येक डाव स्वतंत्र होता आणि जिंकलेली रक्कम म्हणजेच लाभ होता. डाव हरल्यावर स्पर्धेतूनच बाद होण्याचा प्रश्न तिथे नव्हता.

तो प्रश्न लास वेगासमध्ये निर्माण झाला. तेथे १९७० साली सुरू झालेल्या पोकरच्या जागतिक मालिकेत पहिला विजेता खेळाडूंच्या मतदानाने ठरला. चिप्स संपल्या की खेळाडू बाद, हा नियम १९७१ पासून आला. सर्व बक्षीस एकट्या विजेत्याला मिळत असल्यामुळे चिप्स आणि पैसा यांचे नाते तोवर सरळ होते. १९७८ मध्ये मुख्य स्पर्धेचे बक्षीस प्रथमच पहिल्या पाच जणांत विभागले गेले आणि ते नाते तुटले. दुप्पट चिप्स मिळाल्या म्हणून अपेक्षित बक्षीस दुप्पट होईना. चिप्स संपल्या की मात्र पुढची सारी शक्यताच संपे.

या नव्या परिस्थितीसाठी लागणारे सूत्र आधीच तयार होते, पण ते घोड्यांच्या शर्यतीसाठी. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये, प्रत्येक घोड्याच्या पहिल्या क्रमांकाच्या संभाव्यतेवरून पुढील क्रमांकांच्या संभाव्यता काढण्याची रीत दिली. पहिला आलेला घोडा बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत त्याच प्रमाणात पुन्हा वाटणी करायची. १९८०च्या दशकात मेसन मालमथ यांनी अशीच रीत पोकरला लावली. खेळाडूचा एकूण चिप्समधील वाटा हीच त्याच्या पहिल्या क्रमांकाची संभाव्यता मानली. शोषक सीमा असलेल्या यादृच्छिक भ्रमणाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना हे गृहीतक ओळखीचे वाटेल.

उदाहरण पाहू. तीन खेळाडू उरले आहेत आणि मोठ्या स्पर्धेची दोन समान प्रवेशपत्रे हे बक्षीस आहे. चिप्स अनुक्रमे ४५००, ४५०० आणि १०००. दुसऱ्याने सर्व चिप्स डावावर लावल्या, तिसऱ्याने पत्ते टाकले आणि पहिल्याच्या हाती दोन एक्के आहेत. आधीच पटावर असलेली अल्प रक्कम सोडून देऊ. पत्ते टाकल्यास पहिला येण्याची त्याची संभाव्यता ०.४५. दुसरा येण्याची ०.४५ × (४५००/५५००) + ०.१० × (४५००/९०००), म्हणजे सुमारे ०.४१८. एकूण जवळजवळ ८७ टक्के. डाव स्वीकारल्यास जिंकला तर प्रवेशपत्र नक्की, हरला तर काहीच नाही. म्हणजे ८५ टक्के. एक्के टाकणेच श्रेयस्कर! हेच बक्षीस एकट्या विजेत्याचे असते, तर डाव स्वीकारून जिंकण्याची संभाव्यता ४५ वरून सुमारे ७७ टक्क्यांवर गेली असती. पत्ते तेच, पण बक्षिसाची रचना बदलताच निर्णय उलटतो.

अशा पात्रता स्पर्धांचे महत्त्व २००३ मध्ये जगाला कळले. ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेल्या ख्रिस मनीमेकर याने मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर मिळवले.

या प्रतिमानाला मर्यादाही आहेत. खेळाडूची बैठक, त्याचे कौशल्य आणि पुढील डावांत सक्तीने भरावी लागणारी रक्कम त्यात येत नाही. २०१९ मध्ये सहा जणांच्या पोकरमध्ये निष्णात खेळाडूंना हरवणाऱ्या ‘प्लुरिबस’ या संगणक-प्रणालीच्या प्रयोगातही प्रत्येक डावाच्या आरंभी सर्वांना समान चिप्स दिल्या जात. स्पर्धेत टिकून राहण्याचा प्रश्न तिथेही नव्हता.

भारतात कौशल्य की नशीब, हा वाद जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. वरचे उदाहरण दाखवते की निर्णयात कौशल्य असते आणि निकालात नशीब. दोन्ही एकाच डावात नांदतात. पण हे कौशल्य म्हणजे कमाईची हमी नव्हे. बक्षिसाची रक्कम खेळाडूंच्याच प्रवेशशुल्कातून येते आणि आयोजक आपला वाटा आधी काढून घेतो. म्हणून सर्व खेळाडूंची एकत्रित बेरीज नेहमी उणेच राहते. हे गणित शिकण्यासाठी एक रुपयाही डावावर लावावा लागत नाही. कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे.