बाहेरून जाणारा रस्ता

लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्या कर्त्या माणसाला गाडीच्या टायरपेक्षा मोठी काळजी असते ती मध्ये येणाऱ्या शहरांची. मोकळ्या रस्त्यावर दोन तासांत शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज होतात, आणि मग एखादे शहर लागते. तिथले पाच किलोमीटर पार करायला पाऊण तास जातो. मागच्या सीटवर मुले कुरकुरू लागतात, आजीला पाणी हवे असते, इंजिन तापते. म्हणून 'शहरात न शिरता बाहेरून कसे जायचे?' हा प्रश्न प्रत्येक प्रवासी घरात विचारला जातो. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातला बराचसा भाग आपल्या नागपुरात घडला आहे.

मी राहतो जरीपटक्यात. जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेपुढे मानाने चालणारे जरीचे निशाण. आज हे नाव घेतले की कापडाची दुकाने, गर्दीचा बाजार आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून येऊन इथे नव्याने संसार मांडलेली कुटुंबे डोळ्यांपुढे येतात. पण निशाणाची आठवण निघालीच आहे तर एक गोष्ट लक्षात घेऊ. जुन्या काळी फौज असो की बंजाऱ्यांचा तांडा, मोठा जथा सहसा शहरात शिरत नसे. शेकडो बैल, घोडे, सामान आणि मागून चालणारी बायकामुले एवढा पसारा गल्लीबोळांत मावणार कसा? मुक्काम पडायचा तो गावाबाहेर, पाण्याच्या काठी. शहरात जायची ती गरजेपुरती माणसे. बाहेरून जाण्याची रीत मोटारीच्या कितीतरी आधीची आहे.

नागपुरात इंग्रजांनीही तेच केले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांचा वरचष्मा बसला. त्यानंतर १८२१ मध्ये त्यांनी लष्करी छावणी वसवली ती शहरापासून दूर, कन्हान नदीकाठी कामठीला. सीताबर्डी आणि कामठी यांना जोडणारा तो कामठी रोड. इंदोऱ्यावरून जाणारा हा रस्ता आमच्या जरीपटक्याच्या कुशीतून जातो. एके काळी या रस्त्याच्या दोन टोकांना वस्ती होती आणि मधे बरेचसे मोकळे रान. पुढे हाच रस्ता उत्तरेकडे जबलपूर आणि मिर्झापूरकडे जाणाऱ्या मोठ्या वाटेचा भाग होता. दक्षिणेत उतरणारी वाहतूक याच वाटेने नागपुरात येई.

मग मोटार आली. पहिल्या महायुद्धानंतर देशात मोटारी आणि लॉऱ्या वाढू लागल्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या लोखंडी धावांनी उखडलेले, आणि ते सांभाळण्याची जबाबदारी तुटपुंज्या उत्पन्नाच्या स्थानिक संस्थांवर. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीने सांगितले की रस्ते हा आता एकट्या गावाचा किंवा जिल्ह्याचा विषय राहिलेला नाही, तो साऱ्या देशाचा विषय आहे. पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च करावा, ही तिची सूचना. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही संस्था स्थापन झाली. आज पंपावर पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठीही काही पैसे मोजतो, त्या कल्पनेच्या मुळाशी एक मराठी बॅरिस्टर आहे.

यानंतरचे पान थेट नागपूरचे. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, निरनिराळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. युद्धानंतरच्या वीस वर्षांत देशात कोणते रस्ते असावेत, याचा आराखडा त्यांनी केला. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो आजही 'नागपूर योजना' म्हणूनच शिकवला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही जी उतरंड आपण गृहीत धरतो, ती त्या बैठकीत पक्की झाली. शेतीच्या सुपीक भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे त्या मंडळींचे ध्येय. शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ता, हा त्यांचा हिशेब.

आता या योजनेतली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रस्त्यांचे जाळे कसे विणायचे? तर चांदणीसारखे आणि चौकटीसारखे. मोठे शहर मधोमध, आणि त्यातून चहूकडे किरणांसारखे रस्ते. त्या काळाला हे शोभणारेच होते. बहुतेक गावे पावसाळ्यात चिखलात अडकून पडत, तेव्हा खरी अडचण होती ती शहरापर्यंत पोहोचण्याची. शहर टाळायचे कशासाठी, असा प्रश्न कोणाला पडला नसता. पण चांदणीचा नियमच असा की सगळे किरण मध्यावर येऊन मिळतात. ज्याला मध्यावर काही काम नाही, त्यालाही तिथूनच जावे लागते.

नागपूरने हे पुरेपूर भोगले. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ कामठी रोडने शहरात शिरायचा, झिरो माइलच्या परिसरातून सीताबर्डी गाठायचा आणि वर्धा रोडने बाहेर पडायचा. हजिऱ्याहून कोलकात्याला जाणारा क्रमांक ६ अमरावती रोडने यायचा आणि सेंट्रल अॅव्हेन्यूवरून पारडीमार्गे भंडाऱ्याकडे निघायचा. देशाचे दोन लांबलचक महामार्ग एकाच शहराच्या पोटात एकमेकांना ओलांडत होते. पंजाबातून तामिळनाडूकडे निघालेला ट्रक आणि सदरहून बर्डीवर भाजी घ्यायला निघालेली सायकल एकाच चौकात उभी राहत. पुढे महामार्गांचे क्रमांक बदलले. सात क्रमांकाचा इथला भाग ४४ मध्ये गेला आणि सहाचा ५३ मध्ये. चौक मात्र तेच राहिले.

त्यात भर जकात नाक्यांची. शहरात येणाऱ्या मालावर जकात असे. जो माल फक्त शहरातून पुढे जायचा, त्यालाही शिरताना पावती घ्यावी लागे आणि बाहेर पडताना ती दाखवावी लागे. नाक्यावर ट्रकांची रांग लागली की मागची मोटारही त्या रांगेत अडके. लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या गाडीवर ट्रंका बांधलेल्या दिसल्या की 'यात काय आहे?' ही विचारणा ठरलेली. नागपुरात २०१३ मध्ये जकात गेली. पण जुना काटोल नाका, वाडी नाका ही नावे अजून तोंडात आहेत.

या सगळ्यातून माणसाने मार्ग काढला तो घड्याळाच्या साह्याने. आमच्या शेजारच्या एका सिंधी कुटुंबाचे अर्धे गणगोत उल्हासनगरला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेव्हा जरीपटका ते उल्हासनगर हा या कुटुंबाचा वर्षाकाठचा प्रवास. घरातले काका अॅम्बॅसिडर काढायचे ती पहाटे साडेतीनला. मी एकदा विचारले, "काका, इतक्या लवकर कशाला?" ते म्हणाले, "बेटा, शहर झोपलेलं असतं तेव्हाच ते ओलांडायचं. जागं झालं की ते सोडत नाही."

त्यांचा हिशेब पाठ होता. सातच्या आत अमरावती मागे टाकायची, शाळांच्या रिक्षा रस्त्यावर यायच्या आधी. मूर्तिजापूरला नाश्ता. अकोल्याचा बाजार भरायच्या आत पलीकडे. बाळापूर, खामगाव, नांदुरा, मलकापूर अशी गावे दुपारच्या सुस्तीत उरकायची. भुसावळ आणि जळगावला मात्र इलाज नसे, तिथे संध्याकाळची गर्दी गाठायचीच. रात्री धुळ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठून मालेगाव आणि नाशिक, मग कसारा घाट आणि कल्याण. साडेआठशे किलोमीटरच्या आतबाहेरचा हा प्रवास, पण त्याचे वेळापत्रक ठरवत ते या दहा-बारा गावांचे चौक.

दुसरा उपाय सरकारने काढला, तो रिंगरोडचा. चांदणीच्या किरणांना बाहेरून जोडणारे एक वर्तुळ. नागपूरचा रिंगरोड मानकापूरकडून येतो आणि जरीपटका-नाऱ्याच्या बाजूने ऑटोमोटिव्ह चौकात कामठी रोडला मिळतो. ही कल्पना आली तेव्हा हे सारे गावकुसाबाहेरचे होते. बाहेरगावचा ट्रक इथून परस्पर निघून जाईल आणि शहर मोकळे राहील, असा विचार होता. झाले उलटे. रुंद रस्ता मिळताच दोन्ही बाजूंना प्लॉट पडले, गॅरेज आली, मंगल कार्यालये आली, शाळा आल्या. शहराला वळसा घालायला केलेला रस्ता शहराने गिळला. आज संध्याकाळी मानकापूर चौकात उभे राहा, मग 'रिंग' कशाला म्हणतात आणि 'आत' कशाला, हे सांगता येणार नाही.

मग आणखी बाहेर जावे लागले. २०१० च्या दशकात उत्तर-दक्षिण महामार्गासाठी कामठी-कन्हानला आणि नागपूरला वळसा घालणारा नवा चौपदरी रस्ता झाला. बाहेरचा मोठा रिंगरोड पुरा करण्याचे काम त्यापाठोपाठ आले. इकडे शहरात रस्ता वर चढला. कामठी रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी रचना झाली. गड्डीगोदामला तर मधून रेल्वेही जाते. हा उड्डाणपूल २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. आडवे वर्तुळ पुरेना, तेव्हा शहराने उभे मजले चढवले.

आणि शेवटचे पाऊल म्हणजे समृद्धी महामार्ग. तो नागपूरजवळ शिवमडक्याहून सुरू होतो आणि भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे संपतो. लांबी ७०१ किलोमीटर, जिल्हे दहा. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा. १९४३ ची चांदणी इथे पूर्णपणे सोडून दिलेली दिसते. हा रस्ता शहरांकडे जातच नाही, तो शहरांच्या मधल्या रानातून जातो आणि शहरांना फाटे देतो. आमण्याहून कल्याण-उल्हासनगर जवळच. काकांचा दोन दिवसांचा प्रवास त्यांचा नातू आता सकाळी निघून संध्याकाळच्या चहापर्यंत संपवतो. पहाटे साडेतीनचा गजर त्या घरातून गेला.

इथे टाळी वाजवून थांबता आले असते. पण इतिहास सांगणाऱ्याने जमाखर्चाच्या दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

पहिला खर्च गावांचा. वाहतूक गावातून जाते तेव्हा ती धूळ, धूर आणि अपघात देते, तशीच रोजीही देते. चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, संत्र्यांच्या करंड्या घेऊन उभी असलेली बाई, हे सगळे थांबणाऱ्या गाडीवर जगतात. रस्ता बाहेरून गेला की गावाचा श्वास मोकळा होतो आणि गल्ला रिकामा होतो. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात. नव्या रस्त्याची आखणी करताना जमिनीचा मोबदला ठरतो, पण जुन्या रस्त्यावरच्या टपरीचा हिशेब कोणाच्या वहीत नसतो.

दुसरा खर्च जिवाचा. शहर टाळताना आपण थांबणेही टाळतो. मूर्तिजापूरचा नाश्ता, मलकापूरचा चहा, फाटकाशी उभे राहणे, याला आपण खोळंबा म्हणत होतो. पण त्या खोळंब्यात चालवणाऱ्याचे डोळे आणि पाठ मोकळी होत होती. सरळ, रिकाम्या, एकसुरी रस्त्यावर डोळा कधी लागला ते कळत नाही. समृद्धीच्या सुरुवातीच्या दिवसांत वाटेत खाण्यापिण्याच्या, विसाव्याच्या सोयीही पुरेशा नव्हत्या. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस दुभाजकाला धडकून उलटली, पेटली आणि २५ माणसे गेली. त्यातली अनेक आपल्या विदर्भातली, शिकायला आणि नोकरीला निघालेली तरुण मुले होती. एका अपघाताचे खापर एकट्या रस्त्यावर फोडणे बरोबर नाही. पण रस्ता जितका अखंड, तितका थांबण्याचा नियम आपला आपण पाळावा लागतो, हे त्या पहाटेने शिकवले.

म्हणून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. शहर जरूर टाळा, नवे रस्ते त्यासाठीच आहेत. पण दर दोन तासांनी फाट्याला लागून एखाद्या गावात उतरा. मुलांना पाय मोकळे करू द्या, स्थानिक हॉटेलात चहा घ्या, चार रुपये तिथे खर्च करा.

आणि शहर आखणाऱ्यांनी जरीपटक्याच्या रिंगरोडकडे एकदा नीट पाहावे. दोन्ही कडांची जमीन मोकळी राखली नाही, तर आजचा बाहेरचा रस्ता वीस-पंचवीस वर्षांत आतला होतो. नागपूर योजनेच्या अभियंत्यांनी वीस वर्षे पुढचे पाहिले होते. त्यांच्याच शहरात निदान तेवढे तरी पुढे पाहिले जावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)