शैक्षणिक अर्हतेची परदेशी मान्यता

एका देशात संपादन केलेली पदवी दुसऱ्या देशातील कोणत्या पदवीच्या बरोबरीची मानावी, हे ठरविण्याची प्रक्रिया. परदेशी स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांच्या अर्जात तिला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्णायक महत्त्व आले. महाराष्ट्रापुरता मात्र तिचा इतिहास बराच जुना असून तो मुख्यतः वैद्यकाच्या पदव्यांशी निगडित आहे.

आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मागितला, तेव्हा त्यांच्यापाशी कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. आपला अभ्यास कोठवर झाला आहे, हे त्यांनी पत्राने कळविले व महाविद्यालयाने तेवढ्यावर त्यांना प्रवेश दिला. १८८६ मध्ये मिळालेल्या त्यांच्या पदवीच्या बळावर कोल्हापूर संस्थानने त्यांची रुग्णालयात नेमणूक केली. मुंबई इलाख्यात वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा १९१२ मध्ये झाला. तोपर्यंत अमेरिकन पदवीची तुल्यता विचारणारी यंत्रणाच येथे नव्हती.

ब्रिटनमध्ये अशी यंत्रणा १८५८ पासून होती. त्या वर्षीच्या कायद्याने स्थापन झालेल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज तेथे नोंदणीकृत वैद्य म्हणून काम करता येत नसे. १८८६ च्या कायद्याने वसाहतींतील पदव्यांना अन्योन्यतेच्या तत्त्वावर ही वही खुली केली आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतीय विद्यापीठांच्या वैद्यक पदव्या, अर्थात मुंबईच्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयातून (स्थापना १८४५) बाहेर पडणाऱ्यांच्याही, तीत दाखल होऊ लागल्या.

पुढे प्रसूतिविद्येच्या शिक्षणावरून वाद उपस्थित झाला. विद्यार्थ्याने स्वतः हाताळावयाच्या प्रसूतींची संख्या भारतीय रुग्णालयांत पुरी होत नाही, असा कौन्सिलचा आक्षेप होता. तो वस्तुस्थितीस सोडून नव्हता. बाळंतपण घरीच सुईणीकडून करविण्याची रीत होती व पुरुष वैद्यास स्त्रिया जवळ येऊ देत नसत. आनंदीबाईंना परदेशी जाण्याची निकड वाटली, ती याच कारणाने. तथापि परीक्षण लंडनकडून व्हावे की भारतातील संस्थेकडून, हा यातील खरा मुद्दा होता आणि तो राजकीय होता. १९३० मध्ये कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यानंतर १९३३ च्या कायद्याने भारतीय वैद्यक परिषद अस्तित्वात आली व काही वर्षांतच मान्यता पुन्हा मिळाली. देशातील वैद्यक शिक्षणाचे नियमन करणारी पहिली अखिल भारतीय संस्था अशा प्रकारे परदेशी नकारातून उभी राहिली. या परिषदेची जागा २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. १९७५ मध्ये ब्रिटनने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढली आणि तेथे जाणाऱ्या डॉक्टरांना भाषेची व वैद्यकाची चाचणी द्यावी लागू लागली.

अमेरिकेत १९६५ पूर्वी पदवीचा प्रश्न गौणच होता. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना स्थायिक होण्यास बंदी होती. १९४६ मध्ये ती उठली, पण वर्षाला केवळ शंभर जणांपुरती. १९६५ च्या कायद्याने व्यावसायिकांना अग्रक्रम दिल्यावर पदवीचे मोल ठरविणे अटळ झाले. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांकन पद्धती आणली. तीत शंभरांपैकी वीसपर्यंत गुण शिक्षणास असून उत्तीर्ण होण्यास पन्नास लागत.

या हिशेबात मराठी पदवीधरांना सर्वांत जाचक ठरले, ते वर्षांचे गणित. अकरावीची शालान्त परीक्षा व नंतरची चार वर्षे, किंवा १९७५ पासूनचा दहा, दोन व तीन हा आकृतिबंध, बेरीज पंधराच येते. अमेरिकन पदवीपर्यंत सोळा वर्षे होतात. तेथील स्थलांतर अधिकाऱ्यांनी १९७७ च्या एका निर्णयात भारतातील तीन वर्षांची विज्ञान पदवी अमेरिकन पदवीच्या बरोबरीची नाही, असे ठरविले. विद्यार्थी काय शिकला, यापेक्षा किती वर्षे शिकला, यास त्यात अधिक वजन मिळाले, हा आक्षेप रास्त आहे.

कॅनडाने २०१३ पासून कुशल कामगारांच्या अर्जासोबत नियुक्त संस्थेचा मूल्यांकन अहवाल आवश्यक केला. त्यासाठी घणसोलीसारख्या नवी मुंबईतील गावच्या पदवीधरासही, त्याचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्यास, गुणांचा अधिकृत उतारा विद्यापीठाकडूनच मिळवावा लागतो. भारतात २००५ पासून लागू असलेले ॲपोस्टिल यास पर्याय नव्हे. त्याने दस्तऐवजावरील सही व शिक्का खरा ठरतो, पदवीची तुल्यता ठरत नाही. शिवाय स्थायिक होण्याचा परवाना म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. पदवीमुळे गुण मिळून कॅनडात प्रवेश झाला, तरी डॉक्टर वा अभियंत्यास प्रांताच्या व्यवसाय मंडळाकडे निराळा अर्ज करावा लागतो; अनुभवी डॉक्टरांना प्रशिक्षणार्थी म्हणून पुन्हा आरंभ करावा लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

उलट दिशेने, परदेशी पदवी घेऊन भारतात परतणाऱ्यांची तुल्यता भारतीय विश्वविद्यालय संघ ही १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेली संस्था ठरवीत आली. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कामासाठी स्वतंत्र विनियम जारी केले.