चकमक ते लायटर: खिशातल्या आगीची गोष्ट

(या भागाची लिखित प्रत. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज एका शब्दापासून सुरुवात करू. चकमक.

पेपरात आपण वाचतो, 'पोलीस आणि दरोडेखोरांमध्ये चकमक उडाली.' पण मूळची चकमक म्हणजे आग पाडायचं साधन. एक गारगोटी, एक पोलादाची पट्टी आणि चिमूटभर कापूस. हा शब्द तुर्की भाषेतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. आणि गंमत ऐका. आज इस्तंबूलमध्ये एखाद्या दुकानात जाऊन 'चाकमाक' मागितलंत, तर दुकानदार तुमच्या हातात सिगारेटचा लायटर ठेवेल. आपण जो शब्द माळ्यावर टाकला, तो तिकडे अजून खिशात आहे.

माळ्यावर टाकला हे मी अगदी शब्दशः म्हणतोय. गेल्या मे महिन्यात मंडणगडला घरी गेलो होतो. माळा साफ करताना एक गंजका पत्र्याचा डबा सापडला. आत तीन वस्तू. आजोबांची चकमक, काकांचा पितळी लायटर, आणि माझाच एक दहा रुपयांचा हिरवा प्लास्टिकचा लायटर. तो मी कॉलेजात असताना घरच्यांपासून लपवून ठेवला होता. आजीनं चकमक हातात घेतली आणि म्हणाली, "तुझा आजा ह्याच्यावर विडी पेटवायचा. पावसात काडी सर्दायची, ही नाय सर्दायची." मग हिरव्या लायटरकडे बघून म्हणाली, "आणि हा कोणाचा रे?" मी विषय बदलला.

तर आजचा भाग या डब्यावर. आधीच सांगतो, कौतुक आहे ते लायटरच्या डिझाइनचं, सिगारेटचं नाही. आजोबांचा खोकला मी लहानपणी रात्री भिंतीपलीकडून ऐकलाय, आणि मी स्वतः पुण्यात चार वर्षं ऑफिसखालच्या टपरीवर उभं राहून मग सोडलीय.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे आधी रिक्वायरमेंट लिहून काढतो. खिशात आग न्यायची तर चार गोष्टी लागतात. ठिणगी हवी. इंधन हवं. वाऱ्यापासून आडोसा हवा. आणि हे सगळं एका हातानं जमायला हवं, कारण दुसऱ्या हातात काहीतरी असतंच. लायटरचा सगळा इतिहास म्हणजे ही चार कामं एकेक करून सोडवणं.

ठिणगीपासून सुरू करू. चकमकीत गारगोटीच्या धारेवर पोलाद घासून मारायचं. दगड पोलादापेक्षा कडक, म्हणून पोलादाचा बारीक कीस निघतो. तो घर्षणानं तापून हवेत पेट घेतो. म्हणजे आपल्याला दिसते ती ठिणगी दगडाची नसते, जळणाऱ्या लोखंडाची असते. ती पडते कापसावर. आपल्या कोकणात त्यासाठी भेरली माडाच्या झावळीच्या बुडाशी धरणारा मऊ भुसा वापरत. फुंकर घालायची, की धग धरते.

हीच युक्ती बंदुकीतही होती. जुनी तोड्याची बंदूक धुमसत्या वातीवर चालायची. मग चकमकीची बंदूक आली. चाप ओढला की गार पोलादावर आपटते, ठिणगी दारूत पडते. आमच्या मंडणगड तालुक्यात सावित्रीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. 1756 च्या करारानं पेशव्यांनी तो इंग्रजांकडे दिला, त्या काळात इंग्रज शिपायाच्या खांद्यावर अशीच बंदूक असायची. युरोपात लोकांनी याच चापाचं छोटं रूप करून मेणबत्ती आणि चिलीम पेटवायला पिस्तुलासारखी यंत्रं बनवली. लायटरचे खापरपणजोबा म्हणजे ही पिस्तुलं.

आता एक प्रश्न. आधी काय आलं, लायटर की काडेपेटी? बहुतेक जण काडेपेटी म्हणतील. चूक! 1823 मध्ये जर्मनीत योहान डोबरायनर या रसायनशास्त्रज्ञानं एक दिवा केला. जस्त आणि सल्फ्युरिक आम्लातून हायड्रोजन तयार व्हायचा, तो प्लॅटिनमच्या भुसभुशीत तुकड्यावर सोडला की आपोआप पेटायचा. काचेच्या बरणीएवढी वस्तू, आत आम्ल. खिशात ठेवली असती तर खिसाच गेला असता. घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकरनं केली ती त्यानंतर, 1826 च्या सुमारास. पण काडी स्वस्त आणि हलकी, त्यामुळे पुढची ऐंशी वर्षं मैदान तिचंच होतं. लायटरला खिशात यायचं तर आधी एक चांगली ठिणगी मिळणं गरजेचं होतं.

ती ठिणगी कुठून आली, हा माझा या गोष्टीतला आवडता भाग.

तुम्ही कोकणातले असाल तर नमनाच्या कार्यक्रमात किंवा लग्नाच्या वरातीत गॅसबत्ती बघितली असेल, निदान घरच्यांकडून ऐकली असेल. तिच्यात जाळीदार पांढरं 'मेंटल' असतं, तेच तापून झगझगीत उजेड देतं. हे मेंटल ऑस्ट्रियाच्या कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख यांचं. 1891 मध्ये त्यांना त्याचं नेमकं मिश्रण सापडलं. 99 टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियमचं. थोरियम मिळायचं मोनाझाइट नावाच्या वाळूतून. पण त्या वाळूत थोरियम थोडं, आणि सेरियम, लँथॅनम वगैरे भरपूर. थोरियम काढून घेतल्यावर बाकीच्याचे ढीग साचायला लागले. वेल्सबाखनी त्या कचऱ्यातून धातू काढला, त्यात साधारण 30 टक्के लोखंड मिसळलं, आणि 1903 मध्ये पेटंट घेतलं. फेरोसेरियम. लायटरमध्ये आपण ज्याला 'खडा' म्हणतो, तो हाच.

चकमकीत दगड कडक आणि लोखंड झिजतं. लायटरमध्ये पोलादी चाक कडक आणि 'दगड' झिजतो. अगदी उलटं! हा दगड मुळात दगड नाहीच, धातू आहे. त्याचा कीस दीडशे ते एकशेऐंशी अंश सेल्सिअसलाच पेट घेतो. त्यामुळे जोर लावावा लागत नाही, अंगठा फिरवला की पुरे.

आणि ती वाळू? सुरुवातीला ती ब्राझीलहून यायची. मग 1909 मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्रावणकोरचं मोनाझाइट शोधलं. त्याला सुगावा लागला तो काथ्यामुळे. केरळच्या किनाऱ्यावरून जर्मनीला जाणाऱ्या काथ्याला जी वाळू चिकटलेली असायची, त्यात त्याला मोनाझाइट दिसलं. काथ्या म्हणजे आपला सुंभ हो! 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' मधला. जो सुंभ धुमसत ठेवून पानटपरीच्या खांबाला बांधायचे आणि गिऱ्हाईक त्याच्यावर विडी पेटवायचं, त्या सुंभाच्या भावंडानं समुद्रापलीकडे जाऊन लायटरच्या खड्याची वाळू दाखवून दिली.

ठिणगी झाली. आता वारा आणि एक हात.

पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांनी काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांपासून लायटर बनवले. भोक पाडलेली नळी, वात, चाक. 1926 मध्ये अमेरिकेत लुई ॲरनसनच्या रॉनसन कंपनीनं असा लायटर आणला की एक दांडी दाबली की पेटतो, सोडली की विझतो. 1932 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डमध्ये जॉर्ज ब्लेसडेल यांनी एका मित्राला ऑस्ट्रियन लायटर वापरताना बघितलं. वाऱ्यात तो चांगला चालायचा, पण टोपण काढायला दोन हात लागायचे. ब्लेसडेलनी मूळ कल्पना तीच ठेवली, आकार हातात बसेल असा केला, टोपणाला बिजागरी लावली आणि वातीभोवती भोकं असलेलं धुराडं ठेवलं. भोकांतून ज्योतीला हवा मिळते, पण वाऱ्याचा झोत फुटतो. हा झिप्पो. 1933 मध्ये किंमत 1 डॉलर 95 सेंट, आणि सोबत वचन: बिघडला तर आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ, कितीही वर्षांनी.

डब्यातला काकांचा लायटर याच जातीचा. काका बोटीवर खलाशी होते, कुठल्यातरी बंदरातून आणलेला. आत कापूस भरलेला, त्यात पेट्रोल ओतायचं. तळाशी नमद्याच्या तुकड्यामागे जादा खडे ठेवायची जागा. एकच दोष. पेट्रोल उडून जायचं. वापरा नाहीतर नका वापरू, आठवड्याभरात कोरडा. बाणकोटच्या धक्क्यावर भर वाऱ्यात तो पेटवून दाखवायचा, हा काकांचा सुट्टीवर आल्यावरचा खेळ होता. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.

उडून जाण्यावरचा उपाय म्हणजे ब्युटेन वायू. तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे आपल्या हवेत तो वायूच. पण दोन-तीन वातावरणांइतक्या दाबानं कोंडला की द्रव होतो. छोट्या टाकीत भरपूर मावतो, झडप बंद असेल तर उडत नाही, आणि वात लागत नाही. तुमच्या जवळ पारदर्शक लायटर असेल तर उजेडात धरून बघा. टाकीच्या मधोमध एक उभी भिंत दिसेल. ती दोन्ही बाजूंना धरून ठेवते, म्हणजे दाबानं पातळ प्लास्टिक फुगत नाही. काय साधं आणि काय हुशार काम आहे! तरी मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर ठेवू नका. ऊन वाढलं की दाबही वाढतो.

1973 मध्ये बिक या फ्रेंच पेन कंपनीनं वापरून फेकायचा लायटर बाजारात आणला, आणि खेळ संपला. चारही कामं सुटली. ठिणगी, इंधन, वारा, एक हात. वर किंमतही किरकोळ. एकच नवी अडचण आली: इतकं सोपं झालं की लहान मुलंही पेटवायला लागली. म्हणून अमेरिकेत 1994 पासून मुलांना सहज पेटवता येणार नाही अशी रचना सक्तीची झाली. चाकावर जी पत्र्याची पट्टी असते, ती त्यातलीच एक युक्ती.

आपल्याकडे मात्र काडी लवकर हरली नाही. 1923 हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी स्वीडिश भांडवलावर विमको कंपनी सुरू झाली, तिचा मोठा कारखाना आपल्या अंबरनाथला. आणि त्याच सुमारास तमिळनाडूच्या शिवकाशीत अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे कोलकात्याहून काडेपेटीचं काम शिकून परत आले. पुढे शिवकाशी, कोविलपट्टी, सात्तूर हा पट्टा काडेपेटीवर उभा राहिला, तिथल्या कामगारांत बहुसंख्य बायका. काडेपेटीची किंमत किती हळू वाढली बघा. 2007 मध्ये एक रुपया, आणि दोन रुपये व्हायला डिसेंबर 2021 उजाडावा लागला. मग स्वस्त आयात लायटर आले. 2022 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राकडे ते बंद करण्याची मागणी केली, आणि जून 2023 मध्ये वीस रुपयांखालच्या लायटरच्या आयातीवर केंद्रानं बंदी घातली.

आता डब्याकडे परत येतो. डबा सापडला त्याच आठवड्यात मित्रांबरोबर वेळासला गेलो होतो. वेळास आमच्याच तालुक्यातलं, 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथे राखली जातात. सकाळी किनाऱ्यावरचा कचरा उचलताना तासाभरात सात लायटर सापडले. लाल, निळे, एकावर चिनी अक्षरं. चाकं गंजून गेलेली, खडे विरघळलेले, गॅस कधीच संपलेला. प्लास्टिक मात्र दुकानात लटकत असल्यासारखं चकचकीत.

घरी येऊन मी तिन्ही वस्तू पडवीत मांडल्या. माझा हिरवा लायटर मेलेला, आणि उघडायला त्याला एक स्क्रूही नाही. काकांच्या लायटरला वाण्याकडून आणलेला खडा बसवला, थेंबभर पेट्रोल घातलं. दुसऱ्या फटक्याला पेटला. मग चकमक. आजीनं कुठूनतरी भेरली माडाचा भुसा आणून दिला, "असा धर, अंगठा सांभाळ." पंचवीस-तीस वेळा मारली. बोटाची साल निघाली. आणि मग एक लाल ठिपका त्या भुशात बसला. आजी वाकली, फुंकर घातली, धूर आला. सत्तरेक वर्षं जुनं लोखंड!

चकमकीला चारातली दोनच कामं जमतात, आणि तीही कष्टानं. हिरव्या लायटरला चारही जमायची. पण डिझाइन करणाऱ्यानं पाचवी ओळ लिहिलीच नव्हती: गॅस संपल्यावर काय? आम्हीही कोड लिहिताना ती ओळ विसरतो. ब्लेसडेलनी ती 1933 मध्ये लिहिली होती.

देवाची समई, चूल, राखी, अगरबत्ती, घरात आग लागतेच. तेव्हा पुढचा लायटर घेताना तो उलटा करून बघा. तळाशी गॅस भरायची छोटी झडप असेल तर तो घ्या. नसेल तर दोन रुपयांची काडेपेटी आहेच, आणि तिची काडी समुद्रात गेली तरी कासवाच्या पोटात जाऊन बसत नाही.

तुमच्या घरी चकमक असेल, किंवा आजोबा ती कशी वापरायचे हे कुणाला आठवत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आपण ऐकवू. आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.